दारापासून लांबची जागा

कार्कराली, ९ ऑक्टोबर

दादा,

तुझा रक्तदाब किती आहे ते कळव. वरचा आणि खालचा, दोन्ही आकडे. सकाळी उठल्यावर, चहाच्या आधी, पाच मिनिटं गप्प बसून मोजलेला हवा.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्ता गेल्या वर्षीच्या पार्सलच्या खोक्यावरून घेतला.

मंगळवारी आईला दवाखान्यात नेलं. तिच्या नाकातून रक्त येत होतं आणि ती म्हणत होती, स्टोव्हची धग लागली असेल. प्रेशर १७८/१०६. वजन ९६ किलो ४००. डॉक्टरीणबाई नवीन आहे, इथली नाही, म्हणून तिने सरळ विचारलं, "बाळंतपणात प्रेशर वाढलं होतं का?"

आई तुझं नाव घेऊन म्हणाली, "एर्केनच्या वेळी थोडं. हिच्या वेळी मात्र काही म्हणजे काही नाही. एकदम निवांत!"

तसं ते खोटं नव्हतं. चाळीस दिवसांची मला तिच्या मांडीवर ठेवून तू आणि वहिनी निघून गेलात, त्यात तिला कसला त्रास होणार? पण डॉक्टरीणबाई ते लिहून घ्यायला लागली. मग मी आईला बाहेर बसवलं आणि सांगितलं की ही माझी आजी. आमच्या रीतीप्रमाणे पहिलं नातवंड म्हणून हिने मला पदरात घेतलं. हिला मी आई म्हणते, आजोबांना बाबा म्हणायचे, आणि ज्याच्या पोटी जन्मले त्याला दादा म्हणते.

"मग त्या दादांचं प्रेशर किती?"

"माहीत नाही."

"वहिनींचं?"

"तेही नाही."

"आजोबा?"

"गेले. डोक्यात रक्तस्राव. चार वर्षं झाली."

तिने त्या ओळीखाली दोनदा रेघ मारली. म्हणाली, तुझ्या घराण्याची माहिती लागेल, आजीसाठी आणि तुझ्यासाठीही. म्हणून हे पत्र. बाकी काही कारण नाही.

मी अजून बॉयलरघरातच आहे. दाबमापक तपासते. सध्या शहराची हीटिंग सुरू होणार म्हणून रोज तीस-चाळीस मापकं हातून जातात. प्रत्येकाच्या तबकडीवर लाल रेघ असते, काटा तिथे गेला की कुणालाही कळतं. माणसाच्या अंगावर तशी रेघ नसते, एवढंच.

आईला हे पत्र माहीत नाही.

तोग्झान

कार्कराली, ४ नोव्हेंबर

दादा,

पार्सल मिळालं. आकडे नव्हते, चिठ्ठी नव्हती. बारा खारवलेले मासे होते. समुद्राकाठी राहणाऱ्या माणसाला दुसरं काय सुचणार, हे मला समजतं. पण आईला मीठ बंद आहे. तिने खोका उघडला, एक मासा नाकाला लावला आणि म्हणाली, "माझ्या लेकाला माझी आठवण आहे." मी मासे उचलून बॉयलरघरात नेले. तिथल्या लोकांनी तुला दुवा दिला आहे. आई त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही.

आता माहिती. डॉक्टरीणबाईने तीन गोळ्या दिल्या. दोन रक्तवाहिन्या सैल ठेवायला, एक लघवीची, अंगातलं जास्तीचं पाणी आणि मीठ काढायला. आणि वजन उतरवायला सांगितलं. म्हणाली, साधारण एक किलो उतरलं की वरचा आकडा एकाने उतरतो. आईच्या अंगावर निदान वीस किलो जास्तीचे आहेत, म्हणजे वीस अंक तिच्या स्वतःच्या हातात आहेत. हा हिशेब मला आवडला. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी मला समजेल असं बोललं.

मी वजनकाटा आणला. दंडाचा पट्टाही मोठा आणला, कारण तिच्या जाड दंडावर साधा पट्टा लावला तर आकडा खोटाच वर जातो. रोज सकाळी सातला मोजते आणि वहीत लिहिते. आई पहिल्या आठवड्यात काट्यावर उभी राहून कपाटाला धरायची. आकडा थरथरला की मला कळतं.

"कपाट सोड, आई."

"चक्कर येते गं."

"काट्यावरच बरी येते?"

"तुझा बाबा म्हणायचा, ही पोरगी इंजिनियर होईल. पोलीस होईल असं नव्हता म्हणाला."

तरी वजन ९१ किलो ८०० वर आलं. प्रेशर १४६/९०. चरबी बंद, कुरुताचे, म्हणजे सुकवलेल्या दह्याचे, खारट गोळे बंद, पिठाचे तळलेले बाउरसाक दिवसाला दोन. दुपारी मी तिला नदीपर्यंत चालवते. शेजारच्या बातिमा मावशी कुंपणापाशी उभ्या राहून बोलतात, मुद्दाम ऐकू येईल असं: "अगं दामेली, गाल कुठे गेले तुझे? जनावर वाळलं तर मालकाला नावं ठेवतात, आई वाळली तर लेकीला." आई हसते, पण घरी येऊन आरशात बघते. इथे वाळणं म्हणजे दुःख किंवा गरिबी, हे तुला सांगायला नको.

आणखी एक. माझं लग्न ठरतंय. मुलाचं नाव अल्दियार, जनावरांचा डॉक्टर आहे, कमी बोलतो. त्याच्या घरचे नोव्हेंबरात येणार होते, मीच तारीख पुढे ढकलायला लावली, आईचा आकडा खाली यावा म्हणून. आता २७ डिसेंबर. तेव्हा मेंढीच्या शेपटीच्या चरबीचा घास भरवून सोयरीक पक्की होईल.

मला एका गोष्टीची भीती वाटते, ती लिहून ठेवते. आई दुपारी जेवल्यावर डुलकी घेते. ती घोरायला लागली की मी हातातलं काम टाकून तिच्याजवळ जाते. रविवारी तीनदा गेले. तिसऱ्या वेळी तिने डोळे न उघडता विचारलं, "जिवंत आहे का मी?" मी हो म्हटलं. "मग जा."

तुझे आकडे कळव.

तोग्झान

कार्कराली, ३० नोव्हेंबर

दादा,

तू उत्तर देत नाहीस, तरी लिहिते. इथे दुसऱ्या कुणाला हे सांगता येणार नाही.

सोगिम सुरू झालं. हिवाळ्याची बेगमी म्हणून घरोघर घोडा कापला जातो आणि रोज कुणाकडे ना कुणाकडे जेवण असतं. आई गल्लीतली सगळ्यात वयस्क, तिच्याशिवाय कुणी घोट घेत नाही. मी म्हटलं, जा, पण खारवलेलं मांस दोन तुकडे, रस्सा नाही. तिने वचन दिलं. परत आल्यावर मी विचारायची, ती म्हणायची, "दोनच तुकडे. बातिमाला विचार." बातिमा मावशींना विचारणं म्हणजे कोल्ह्याला कोंबड्या मोजायला सांगणं.

वीस तारखेला वजन ९१ किलो २००. सव्वीसला ९४ किलो १००. मी काटा उलटा करून तपासला. स्वतः उभी राहिले, माझं वजन बरोबर आलं. सहा दिवसांत जवळजवळ तीन किलो चरबी कुणाला चढत नाही. ते पाणी होतं. मी तिच्या नडगीवर अंगठा दाबला, खड्डा पडला आणि तसाच राहिला. प्रेशर १८८/११२.

मग मी गोळ्या शोधल्या. कुरुताच्या जुन्या पिशवीत सापडल्या, लघवीच्या तेवढ्या, सहा, रुमालाच्या कोपऱ्यात गाठ मारून. बाकीच्या ती घेत होती.

मी आवाज चढवला नाही. रुमाल तिच्यासमोर ठेवला.

"हे काय?"

"गोळ्या."

"का नाही घेतल्यास?"

तिने रुमाल स्वतःकडे ओढला. मग म्हणाली, "तू कधी मानाच्या जागेवर बसली आहेस? नाही ना? ती दारापासून सगळ्यात लांब असते. माझ्या आणि दाराच्या मध्ये वीस माणसं मांड्या घालून बसलेली असतात. ती गोळी घेतली की तासात तीनदा उठावं लागतं. प्रत्येक वेळी वीस माणसं गुडघे गोळा करणार, दोन सुना मला बूट घालणार, अंगणात बर्फातून त्या टोकाला नेणार. म्हातारी गेली, म्हातारी आली. हसतात गं."

"हसू देत."

"आणि आपल्या घरी? आपल्या घरी समोवारशी कोण बसतं? चहा ओतायला सून लागते. माझी सून दीड हजार मैलांवर आहे. पाहुण्यांना चहा मीच ओतते. ओतणारी बाई उठली की पेले थंड होतात. ओतणारी बाई उठत नाही."

रोज सकाळी मी गोळी तिच्या तळहातावर ठेवून कामावर जात होते. ती तोंडात टाकते की नाही हे बघायला थांबत नव्हते, कारण आठला माझी पहिली तपासणी असते. वहीत मात्र रोज "गोळ्या दिल्या" असं लिहिलेलं आहे. दिल्या, हे खरंच होतं. कामावर असं लिहिलं असतं तर माझी सही काढून घेतली असती.

आता गोळी संध्याकाळी चारला देते, पाहुणचार नसेल त्या वेळी, आणि तोंड उघडून दाखवायला लावते. तीन दिवसांत दोन किलो उतरले. पण २७ ला काय होईल ते मला दिसतं आहे. पाच तास जेवण, समोवारशी ती, मानाच्या जागेवरही तीच, कारण दुसरं कोणीच नाही.

 

तोग्झान

कार्कराली, दवाखाना, १२ डिसेंबर

दादा,

हे बाकावर बसून लिहिते आहे. आई आत आहे, जिवंत आहे. आधी हे सांगितलं.

आठ तारखेला दुपारी बातिमा मावशी चहाला आल्या होत्या. माझी सुट्टी होती. आईने पेला भरून पुढे केला आणि तो वाटेतच कलंडला. मावशी हसल्या, "अगं दामेली, पेला भरायचा असतो, चादर नाही." आईने काहीतरी उत्तर दिलं. शब्द नव्हते ते. जीभ नुसती तोंडात वळत होती. मावशींचं हसू तिथेच राहिलं.

मी म्हटलं, "आई, दोन्ही हात वर कर." डावा वर राहिला, उजवा हळूहळू खाली आला. काटा खाली येतो तसा. मी घड्याळ पाहिलं: एक वाजून दहा मिनिटं. गाडी बोलावली. पंचवीस मिनिटं लागली. तेवढा वेळ मी तिच्याकडून माझं नाव म्हणवून घेत होते. पहिली पंधरा मिनिटं तिला ते आलं नाही. मग "तोग" आलं. मग पूर्ण आलं. गाडीवाले आत शिरले तेव्हा ती त्यांना स्पष्ट म्हणाली, "बूट काढा, गालिचा नवा आहे."

डॉक्टरीणबाई म्हणाली, हा इशारा होता. मेंदूचं रक्त थोडा वेळ अडलं आणि सुटलं. पुढचं सुटेलच असं नाही. गोळ्या एक दिवसही चुकता कामा नयेत, मीठ नाही, वजन परत चढता कामा नये, आणि तासन्‌तास एका जागी बसणं नाही. मी विचारलं, शक्यता किती? तिने आकडा सांगितला. तो मी इथे लिहीत नाही.

मी अल्दियारला म्हटलं, तारीख पुढे ढकलू. आईने पलंगावरून ऐकलं. "एकदा ढकलली तेव्हा लोक म्हणाले, पोरीत खोट आहे. दुसऱ्यांदा ढकललीस तर म्हणतील, घरात खोट आहे. घास होणार. मी उभी आहे तोवर करून घ्या."

शेपटीच्या चरबीचा एक घास खाऊन प्रेशर वाढत नाही, हे मला माहीत आहे. पण तो घास एकटा येत नाही. विहीण स्वतःच्या हाताने भरवणार, चरबी आणि कलेजी, मूठभर, आणि उरलेलं तोंडाला फासणार. सगळे हसणार. नको म्हटलं तर सोयरीक नको म्हटल्यासारखं. घास घेतला की पुढचं ताटही घ्यावं लागतं, आणि पुढचे पाच तासही. आणि त्या दिवशी गोळी पुन्हा रुमालात जाईल. तिने मला तसं सांगितलेलं नाही. ती मला तसं सांगणारही नाही.

आता जे इतके दिवस लिहिलं नाही ते लिहिते.

बाबा गेले तो दिवस तुला लोकांकडून कळला, मी तुला कधी सांगितला नाही. सोगिमचंच जेवण होतं, आपल्याच घरी. जेवून ते भिंतीला टेकले आणि घोरायला लागले. आई म्हणाली, दमलेत. मी त्यांच्या अंगावर गोधडी घातली. मग आम्ही सगळे त्यांच्या शेजारी बसून चहा प्यायलो. चाळीस मिनिटं. घोरणं विचित्र होतं, मला ते ऐकू येत होतं, आणि मी दुसरा पेला घेतला. गाडीवाल्यांनी मोजलं तेव्हा २२०/१३० होतं.

तू विमानाने दुसऱ्या दिवशी पोचलास. पुरुष त्यांना मातीत ठेवून परत आले तेव्हा तू अंगणात मला म्हणालास, "आता आमच्याकडे चल. मी तुझा बाप आहे." आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, "माझ्या बापाला तुम्ही आत्ताच पुरून आलात." तू सकाळी निघून गेलास. चार वर्षं लोक म्हणतात, एर्केनचं डोकं गरम. तुझं डोकं गरम नव्हतं. मी बोलले ते मला त्या वेळी खरं वाटत होतं. त्या गोधडीचं कुणाला तरी भोगायला लावायचं होतं, आणि तू समोर होतास.

तो घास मुलीच्या जन्मदात्याने घेतला तर चालतं. मी चार वयस्क बायकांना विचारून खात्री केली आहे. समोवारशी सून बसली तर सासूला उठता येतं.

वहिनीला घेऊन ये. टपालाला नऊ दिवस लागतात, गाडीला तीन. तरी वेळ उरतो.

तोग्झान

आतली खोली, २७ डिसेंबर, दुपार

ही चिठ्ठी वहिनी तुला देईल. नवरीने बाहेरच्या खोलीत यायचं नसतं, म्हणून लिहिते. वर नाव घातलेलं नाही. काय घालावं ते ठरत नाही.

तुम्ही काल आलात तेव्हा मी फार बोलले नाही. मला ते जमत नाही. तुझ्या हातातली पिशवी घेतली आणि आधी बघितलं, मासे आहेत का.

आज दाराच्या फटीतून सगळं दिसत होतं. विहीण मूठ भरून आईकडे वळली. आई म्हणाली, "हिला मी वाढवली. हिला जन्म दिला तो हा. घास त्याचा." सव्वीस वर्षांत ती हे कुणासमोर बोललेली नव्हती. मग ती उठली, वीस माणसांना गुडघे गोळा करायला लावत दारापर्यंत आली, आणि जाताना बातिमा मावशींना म्हणाली, "हस, हस. मी लघवीला चालले आहे." तिने गोळी माझ्यासमोर घेतली होती. सकाळी प्रेशर १३८/८६. वजन ९० किलो ६००.

आणि तू मानाच्या जागेवर बसून घास घेतलास. विहिणीने तीनदा मूठ भरली, तिन्ही घेतलेस. तुझ्या तोंडाला चरबी फासली तेव्हा सगळे हसले, वहिनीही हसली. मग मला दिसलं, तू मानेवर मागून हात फिरवतो आहेस. एकदा, दोनदा, पाच मिनिटांत चारदा. बाबा तसंच करायचे. तुझी मान लाल आहे. चार वर्षांत तू निदान वीस किलो वाढला आहेस, आणि मी सगळा हिवाळा फक्त आईच्या डुलक्या मोजत बसले.

म्हणून मी वहिनीबरोबर पट्टा पाठवला. तू हसत हसत बाही वर केलीस, पाहुण्यांना म्हणालास, "लेक मीटरवाली आहे, बापालाही सील मारणार." ऐकलं मी.

नऊ ऑक्टोबरच्या प्रश्नाचं उत्तर आज मिळालं. २०६/१२२. दुसऱ्यांदा मोजलं, २०४/१२०. मापक मी स्वतः तपासलेलं आहे, ते चुकत नाही.

डॉक्टरीणबाईला फोन केला आहे. ती पंधरा मिनिटांत येते. पाहुण्यांना काही सांगू नकोस. ताटाला हात लावू नकोस. पेला खाली ठेव. भिंतीला टेकू नकोस आणि डोळे मिटू नकोस, एवढं माझ्यासाठी कर. एक बाप मी शेजारी बसून चहा पीत घालवला.

तिथून ऊठ. लोक गुडघे गोळा करतील, करू देत. दारापाशी येऊन बस. मी दारात आहे.